घर ट्रकवरून येतं तेव्हा

मागच्या अंकात कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या, म्हणजे प्रीफॅब घरांवर लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचा प्रश्न एकच: लवकर होतं आणि स्वस्त पडतं म्हणतात, ते खरं का? लवकर होतं, हे खरं. स्वस्ताबद्दल खाली नाशिकच्या वाचकांना उत्तर दिलंय. माझी निम्मी नोकरी एका प्रीकास्ट यार्डात (काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅब साच्यात आधीच ओतून ठेवतात तिथे) गेली आणि उरलेली स्ट्रक्चरल डिझाइनच्या टेबलापाशी. त्यामुळे या घरांवर माझा जीव आहे आणि ती विकणाऱ्यांवर संशय. उत्तरांत दोन्ही डोकावेल.

प्रश्न : आमचं दापोली तालुक्यातलं चिऱ्याचं घर २०२० च्या निसर्ग वादळात उघडं पडलं. तात्पुरते पत्रे टाकून आई-बाबा राहतात, मी पुण्यात नोकरीला. इथली एक कंपनी लाइट गेज स्टीलचं घर (दोन खोल्या, स्वयंपाकघर, पडवी) ४५ दिवसांत उभं करून देते म्हणते. आई म्हणते, 'पत्र्याच्या डब्यात मी राहणार नाही.' काय करावं?

आईंची शंका आधी घेऊ, कारण त्या घरात चोवीस तास त्याच राहणार आहेत. या घराचा सांगाडा साधारण एक मिलीमीटर जाडीच्या गॅल्वनाइज्ड पत्र्याच्या घड्या घालून केलेल्या पट्ट्यांचा असतो. त्याला बाहेरून-आतून सिमेंट फायबर बोर्ड आणि मध्ये रॉकवूल किंवा ग्लासवूल. रंग दिल्यावर ती भिंत पत्र्याची दिसत नाही, पण टकटक केली की पोकळ वाजते. चिऱ्याच्या दीड फुटी भिंतीत आयुष्य काढलेल्या बाईला तो आवाज आवडणार नाही. म्हणून ब्रोशर दाखवू नका. कंपनीनं बांधलेलं, निदान दोन पावसाळे काढलेलं एखादं घर आईंना दाखवा आणि तिथल्या बाईंशी त्यांना एकटीला बोलू द्या. मधे तुम्ही नको, सेल्समन तर नकोच.

आता वाऱ्याकडे वळू. निसर्ग ३ जूनला श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडात नुकसान झालं ते मुख्यतः छपरांचं. भारतीय मानकानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. एवढा वारा ढोबळ हिशेबानं दर चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जोर लावतो आणि छपरावर तो जोर बऱ्याच ठिकाणी खाली दाबणारा नसतो, वर ओढणारा असतो. हलक्या स्टीलच्या छपराचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पंचवीस किलोसुद्धा भरत नाही. मग बाकीची ओढ कोण धरणार? छपराची कैची भिंतीच्या सांगाड्याला, सांगाडा चौथऱ्याला आणि चौथरा जमिनीला, असं सगळं बोल्टांनी बांधलेलं असेल तरच घर जागेवर राहील. यातला एक जोड जरी चार स्क्रूंवर भागवला, तर तिथून सुटेल.

कंपनीला एकच कागद मागा: वाऱ्याच्या उचलीचा हिशेब आणि कोपऱ्यातल्या होल्ड-डाऊन बोल्टचं (सांगाडा चौथऱ्याला धरून ठेवणाऱ्या बोल्टचं) ड्रॉइंग, इंजिनिअरच्या सहीनिशी. 'आमची सिस्टीम टेस्टेड आहे' हे उत्तर मिळालं, तर चहा पिऊन निघून या.

कोकणात पाऊस म्हणतो वळचण रुंद हवी आणि वारा म्हणतो नको. मी वळचण दोन फुटांवर थांबवते आणि पडवीचं छप्पर मुख्य छपराला सलग न जोडता खाली वेगळं घेते. उद्या पडवी गेलीच, तरी घराचं छप्पर सोबत जाणार नाही. वर मंगलोरी कौलं हवी असतील तर ती ऑर्डरच्या आधी सांगा. कौलं पत्र्याच्या कितीतरी पट जड, सांगाडा त्या हिशेबानं बदलावा लागतो.

खारी हवा हा तिसरा मुद्दा. पट्टीवर झिंकचा थर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम तरी हवा, तो गुंडाळीच्या टेस्ट सर्टिफिकेटवर लिहिलेला असतो. पण गंज लागतो तो कापलेल्या टोकांना, ड्रिलच्या भोकांना आणि स्वस्तातल्या स्क्रूंना. जागेवर कापाकापी झाली की तिथे झिंकचा रंग लावला जातोय का, ते बघायला त्या दिवसांत तुम्ही स्वतः गावी असा. बाबांवर सोडू नका. ते कामगारांना चहा-पोहे देण्यात रमतील.

घर तयार खोल्यांच्या स्वरूपात येणार की सपाट पॅनेलच्या, हेही विचारा. आपल्याकडे ट्रकची रुंदी २.६ मीटरपर्यंतच चालते. त्यापेक्षा रुंद खोली आणायची तर खास परवानगी लागते, ती घाट उतरते, आणि मग वाडीच्या गडग्यांमधल्या वाटेवर अडकते. पॅनेल टेम्पोतून येतात, चार माणसं उचलतात, हायड्रा क्रेन लागत नाही. तुमच्यासाठी पॅनेलच.

आणि ते ४५ दिवस चौथरा तयार झाल्यापासून मोजतात. चौथरा फेब्रुवारीपर्यंत बांधून घ्या आणि चांगला ओला ठेवा. एवढं जुळलं तर घर जरूर घ्या.

प्रश्न : पनवेलजवळ नव्या प्रीकास्ट इमारतीत अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढून ओपन किचन करायचंय. इंटिरिअरवाला म्हणतो, 'मॅडम, कॉलम सोडून सगळं तुटतं.'

त्याला विचारा, कॉलम कुठे आहे तो दाखव. बहुधा त्याला सापडणार नाही, कारण अशा कित्येक इमारतींत भिंतीच कॉलमचं काम करतात. नेहमीच्या इमारतीत कॉलम-बीमचा पिंजरा भार घेतो आणि विटांची भिंत नुसती आडोशाला असते. तिथे तुमच्या माणसाचं म्हणणं चालून जातं. मोठ्या पॅनेलच्या इमारतीत वरचा स्लॅब खालच्या भिंतीवर टेकलेला असतो, तिच्यावर पुन्हा भिंत, असं थेट वरपर्यंत. तुमची भिंत म्हणजे बाराव्या मजल्याचा पाय असू शकते.

लंडनच्या पूर्व भागात रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत होती, अशाच मोठ्या पॅनेलची. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. १६ मे १९६८ ला पहाटे अठराव्या मजल्यावर एका बाईंनी चहासाठी शेगडी पेटवली, गळलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि बाहेरच्या भिंतीची पॅनेल ढकलली गेली. स्फोट फार मोठा नव्हता, त्या बाई स्वतः वाचल्या. पण त्या भिंतीवर टेकलेला वरच्या मजल्यांचा कोपरा आधार गेल्यावर खाली आला आणि त्याच्या वजनानं खालचे मजलेही गेले. चार माणसं मेली. पुढे १९८६ मध्ये ती इमारत मजल्यामागून मजला सोडवत उतरवली, तेव्हा पॅनेलांच्या सांध्यांत जिथे मसाला ठासून भरलेला हवा, तिथे पोकळ्या आणि कागदाचे बोळे मिळाले. कारखान्यातून आलेली पॅनेल ठणठणीत होती. घात सांध्यांनी केला.

आपल्याकडचं उदाहरण २००१ च्या भूकंपाचं. गुजरातेत त्याआधी प्रीकास्ट भागांच्या छोट्या शाळा उभ्या केल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळांच्या छपराच्या लाद्या निखळून पडल्या, कारण त्या एकमेकींना आणि खालच्या तुळईला नीट बांधलेल्या नव्हत्या. २६ जानेवारीची सुट्टी होती म्हणून वर्गांत मुलं बसलेली नव्हती.

आजच्या इमारतींत हे धडे घेऊन सांध्यांत सळ्या गुंफतात आणि न आक्रसणारा ग्राऊट (सिमेंटचा पातळ मसाला) भरतात. म्हणून तुमची इमारत भरवशाची आहे, जोवर तिला कोणी पोखरत नाही. भिंतीची ओळख पटवायची तर एक छोटं भोक पाडून भुकटीचा रंग बघा. लाल असेल तर वीट, पांढरट आणि हलकी असेल तर एएसी ब्लॉक (फुगवलेल्या सिमेंटची हलकी वीट), करडी आणि ड्रिलला घाम फोडणारी असेल तर काँक्रीट. करडी निघाली तर विषय तिथेच संपवा. पांढरी-लाल निघाली तरीही सोसायटीकडून ड्रॉइंग मागवा आणि मूळ डिझाइन करणाऱ्याची लेखी परवानगी घ्या. चिमणीसाठी चार इंची कोअर (आरपार गोल भोक) मारणार असलात तर त्यालाही हाच नियम. आणि पॅनेलच्या कडेलगत, जिथे दोन पॅनेल भेटतात त्या उभ्या पट्ट्यात, फोटोफ्रेमसाठीही ड्रिल लावू नका.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात स्वतःच्या शेतात तयार घर बसवायचं आहे. जमीन काळी, भारी. विक्रेता म्हणतो, घर हलकं असल्यामुळे पाया नावापुरता पुरतो आणि घर उचलून नेता येत असल्यामुळे एनएचीही (बिगरशेती परवानगीचीही) गरज नाही.

दोन्ही गोष्टी चूक, आणि पहिली जास्त धोक्याची. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. फुगताना ती वरचं ओझं उचलायला बघते. जड घर निदान स्वतःच्या वजनानं तिला थोडं दाबून धरतं. हलकं घर नुसतं वर-खाली होत राहतं, तेही सगळीकडे सारखं नाही. चौथऱ्याची एक कड वर आली की दारं अडतात, बोर्डांच्या सांध्यांवर केसासारख्या चिरा दिसतात, न्हाणीची फरशी उखडते.

हाताशी लागण्याइतक्या खोलीवर मुरूम असेल तर पाया तिथवर न्या. नसेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं याच मातीसाठी रुळवलेले अंडर-रीम पाइल घाला, म्हणजे खाली फुगीर कंद असलेले खांब. माती जिथे वर्षभर एकाच ओलीत असते त्या खोलीपर्यंत ते उतरतात. चौथऱ्याची तुळई त्यांच्यावर टेकवायची आणि तुळईखाली थोडी फट सोडायची, म्हणजे माती फुगली तरी तुळईला भिडत नाही. घराभोवती फरशीचा पट्टा करा, आणि न्हाणीचं पाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. पायाचा खर्च विक्रेत्यानं सांगितला त्याच्या कितीतरी पट होईल, पण तो चुकवता येणार नाही.

एनएचं म्हणाल तर महसूल खातं जमिनीचा वापर बघतं, भिंत कशाची आहे ते नाही. शेतघराची वेगळी तरतूद आहे. तलाठ्याकडे आणि ग्रामसेवकांकडे आधी जा, विक्रेत्याकडे नंतर.

प्रश्न : मुळशीत मित्रांच्या सामायिक प्लॉटवर जुना शिपिंग कंटेनर आणून वीकेंड होम करायचं आहे. हेही प्रीफॅबच ना?

कंटेनर माल भरायला केलेला असतो. आतून रुंदी पावणेआठ फूट. इन्सुलेशन आणि बोर्ड चढवल्यावर सात फुटांच्या आसपास राहते, त्यात पलंग टाकला की माणूस कडेनं चालतो. त्याची ताकद कोपऱ्यातल्या खांबांत आणि नागमोडी भिंतींत असते. लांब भिंत कापून काचेचं सरकतं दार बसवलं की वरचं छत झोळ खातं, म्हणून कापलेल्या जागी बॉक्स सेक्शनची (चौकोनी पोकळ स्टील पाइपची) चौकट वेल्ड करावी लागते. लाकडी फरशीला जहाजी नियमांनुसार कीटकनाशक पाजलेलं असू शकतं, ती काढून टाका. एप्रिल-मेमध्ये वर वेगळी सावली केल्याशिवाय आत बसवणार नाही. एवढं सगळं करून फोटो मात्र छान येतात.

प्रश्न : नाशिकजवळ १,००० चौरस फुटांचं घर. कंपनीचा दर गवंडीकामापेक्षा कमी दिसतो, पण कारखान्यातून माल निघण्याआधी ७० टक्के रक्कम मागतात. द्यावी का?

दर कमी दिसतो, कारण त्यात बरंच काही धरलेलं नसतं. चौथरा, वाहतूक, क्रेन, सेप्टिक टँक, ओटा, टाकीचा स्टँड, विजेचं मीटर आणि जीएसटी यांतलं काय आत आणि काय बाहेर, हे लिहून घ्या आणि मग गवंड्याच्या दराशी लावून बघा. फरक बहुधा राहत नाही. कधी उलटाच होतो.

कारखान्याची स्वस्ताई पुनरावृत्तीतून येते. एक महागडा साचा केला आणि त्यातून तीच भिंत शेकडो वेळा काढली, तर साच्याचा खर्च वाटला जातो. सिडकोच्या बामणडोंगरीच्या प्रकल्पात २०२२ मध्ये ९६ दिवसांत ९६ घरांची इमारत प्रीकास्टमध्ये उभी राहिली, ती याच जोरावर. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये सुरू केलेल्या सहा लाइट हाऊस प्रकल्पांतही प्रत्येक ठिकाणी हजारेक घरं होती: रांचीत अख्ख्या खोल्या ओतून आणलेल्या, चेन्नईत प्रीकास्ट भाग, इंदूरला सँडविच पॅनेल. तुमचं घर एकच, त्यात तुम्ही जिना उजवीकडून डावीकडे हलवलात. मग कसली पुनरावृत्ती? तुमची बचत वेळेत आहे. भाड्याच्या घरात राहत असाल किंवा कर्जाचे हप्ते सुरू असतील, तर ती खरी बचत आहे.

आगाऊ रकमेचं नीट ऐका. गवंडी काम सोडून गेला तर दुसरा गवंडी त्याच विटांवर पुढे चढवतो. इथे कंपनी बुडाली तर तिची पॅनेल, तिचे कोन, तिचे क्लिप दुसऱ्याच्या सिस्टीमला बसत नाहीत. अमेरिकेतल्या कटेरा कंपनीत सॉफ्टबँकेचा प्रचंड पैसा होता, ती २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनमध्ये इल्के होम्सचा कारखाना २०२३ मध्ये बंद पडला. या कंपन्यांना घरं बनवता येत होती, पण कारखान्याचा खर्च रोजचा आणि ऑर्डरी मात्र लहरी, हे गणित त्यांना पेललं नाही. नाशिकच्या छोट्या शेडला ते आपोआप पेलेल, असं धरू नका.

७० टक्के एकदम देऊ नका. ड्रॉइंग मंजूर झाल्यावर थोडी रक्कम, सांगाड्याचं स्टील शेडमध्ये आल्यावर थोडी, सांगाडा जुळवून तुम्ही टेप लावल्यावर थोडी, आणि पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर द्यायला निदान १० टक्के हातात ठेवा. शेडमध्ये जाल तेव्हा तुमच्या पॅनेलांवर तुमचा ऑर्डर नंबर टाकून घ्या. बँकेचं कर्ज घेणार असाल तर या पद्धतीच्या घराला ते मिळतं का, हे पहिला रुपया देण्याआधी शाखेत विचारा.

प्रश्न : मी लीड्समध्ये राहते. इथे 'एअरी' प्रकारचं १९४० च्या दशकातलं घर स्वस्तात मिळतंय, पण बँक मॉर्गेज देत नाही. तुम्ही तर प्रीफॅबचं कौतुक करता!

कौतुक करते, पण प्रत्येक पिढीचं नाही. हे घर तुमच्याच शहराचं अपत्य. सर एडविन एअरी लीड्सचेच बांधकाम उद्योजक. युद्धानंतर घरांचा दुष्काळ, विटा आणि गवंडी दोन्ही कमी, म्हणून त्यांनी बारीक काँक्रीट खांब जवळजवळ उभे करून त्यांवर आडव्या काँक्रीट पट्ट्या चढवायची युक्ती काढली. तातडीची गरज होती आणि ती भागलीही. दोष खांबांत निघाला. सडपातळ खांबांत पोलादावर काँक्रीटचं आवरण पातळ. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, काँक्रीटचा क्षारधर्म उतरतो, पोलाद गंजतं, फुगतं आणि खांब उभा चिरतो. बाहेरून पट्ट्यांमुळे काही दिसत नाही. १९८४ च्या कायद्याखाली सरकारनं सदोष ठरवलेल्या प्रकारांत एअरी आहे, म्हणून बँक हात आखडते.

काही मालकांनी मान्यताप्राप्त पद्धतीनं बाहेरच्या भिंती बदलून वीटकाम केलं आणि तसं पीआरसी (प्रीकास्ट रीइन्फोर्स्ड काँक्रीट) प्रमाणपत्र घेतलं. त्या घराला ते असेल तर कर्जाची वाट मोकळी होऊ शकते. जोडघर असेल तर शेजारच्या अर्ध्या भागाची दुरुस्ती झालीय का तेही विचारा. बाहेर वीट दिसते म्हणून समाधान मानू नका, कागद बघा. कागद नसेल तर स्वस्ताईचा मोह सोडा. विकायला काढाल तेव्हा पुढच्या गिऱ्हाइकाची बँकही हेच म्हणेल.

प्रश्न : सांगलीत स्टीलच्या सांगाड्याचं घर ठरवलंय. हॉलमध्ये सागवानी झोपाळा टांगता येईल का?

येईल, पण ड्रॉइंग पक्कं होण्याआधी सांगितलंत तर. छपराच्या पातळ पट्टीला कडी अडकवू नका. ती स्थिर वजन एकवेळ धरेल, झोक्यानं मागे-पुढे बसणारे हिसके नाही. झोपाळ्यासाठी वेगळी जाड तुळई आणि तिच्या दोन्ही टोकांखाली थेट चौथऱ्यापर्यंत जाणारे दोन खांब घ्यायला सांगा. ते भिंतीच्या पोटात लपतात. वॉटर हीटर, टीव्ही आणि देव्हारा लावायच्या जागी बोर्डामागे प्लायवूड किंवा स्टीलची पट्टी आधीच टाकून घ्या. गच्चीवर हजार लिटरची टाकी ठेवणार असाल तर पाण्याचंच वजन एक टन, ती बाहेर वेगळ्या स्टँडवर ठेवा. ऑर्डरच्या कागदावर झोपाळ्याची जागा आणि त्यावर एका वेळी किती जण बसणार, हे आकड्यात लिहा. लिहिताना दिवाळीत येणारी नातवंडं धरा.